सोमनाथच्या घरापर्यंत

नाशिकला मी याआधी गेले ती लग्नाला, बारशाला आणि एकदा सिंहस्थाच्या गर्दीत चप्पल हरवायला. लिहावं असं त्यात काही नव्हतं. या फेब्रुवारीत मात्र भावाकडं राहून आले, त्यातला एक दिवस दिंडोरी, वणी, सप्तशृंगीचा गड आणि पुढं बागलाणात गेला. सांगलीला परतल्यापासून शेजारणी विचारतायत, "काय काय बघितलंत?" एकीला गड हवा, दुसरीला मिसळ हवी, तिसरीला फक्त आमच्या चिनूचं पदक हवं. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मिसळीपर्यंत वाचावं आणि थांबावं, मला राग यायचा नाही.

गंगापूर रोड

चिनू म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, चिन्मय. लष्करात कॅप्टन आहे. वय इतकं कोवळं की मिशी ठेवली तरी नाटकात काम केल्यासारखा दिसतो. गेल्या पावसाळ्यात सीमेवर चकमक झाली. त्याच्या तुकडीतले दोन जवान जखमी होऊन उघड्यावर पडले होते, त्यांना आणायला हा गोळीबारात पुढं गेला आणि घेऊन आला. येताना याच्या पायात गोळी लागली. कितीतरी दिवस इस्पितळात होता. जानेवारीत शौर्यपदक जाहीर झालं आणि घरी सुट्टीवर आला तेव्हापासून नाशिककरांनी त्याला शाली पांघरायला सुरुवात केली.

मी दारात पाऊल टाकलं तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सोफ्यावर शाली, टीपॉयवर शाली, कोपऱ्यात नारळांचा ढीग. मी वहिनीला म्हटलं, "घर आहे की नारळाची वखार?" ती बिचारी रोज खोबऱ्याच्या वड्या थापत होती. सकाळी वड्या, संध्याकाळी वड्या. भाऊ तर असा खुलला होता की भाजीवाल्यालासुद्धा पेपरातलं कात्रण दाखवत होता. आपला तो बाब्या, चालायचंच.

बाब्या मात्र गप्प. सोसायटीच्या सत्कारात तो हात मागं बांधून उभा राहिला, हसला, फोटो काढू दिले, आणि घरी येऊन बाल्कनीत जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले. उन्हं उतरत होती, खाली रस्त्यावर गाड्यांची रांग. पाय स्टुलावर ठेवून तो म्हणाला, "आत्या, उद्या आईचा नवस फेडायला गडावर जायचंय. तू चल. आणि तिथून पुढं एका घरी जायचंय."

ते घर सोमनाथचं. सोमनाथ त्याच्याच तुकडीतला जवान, सटाण्याकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. त्या दिवशी चिनूसोबत तोही गेला होता. जखमी दोघे वाचले. सोमनाथ गेला. पदकाच्या यादीत त्याचंही नाव आहे, पुढं 'मरणोत्तर' लिहिलेलं.

"तिथं आणखी चौघं होते, आत्या," चिनू म्हणाला. "मी सोमनाथलाच हाक मारली."

"त्यालाच का?"

"तो लगेच उठतो म्हणून."

अंत्यविधीला चिनूला जाता आलं नव्हतं, पायाचं ऑपरेशन झालं होतं. नंतर सोमनाथच्या वडिलांना फोन केले, ते उचलत नाहीत. एकदा शेजारच्या बाईनं उचलला आणि म्हणाली, "नाना बोलत नाय." बस्स, तेवढंच. तेव्हापासून पोराच्या घशात ते अडकून बसलं होतं. आईला नेलं तर ती रडेल, बाबांना नेलं तर ते बोलत सुटतील, म्हणून मी. मी सांगलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते, अशा घरात कसं बसायचं ते मला ठाऊक, असा त्याचा हिशेब.

"त्यांनी दार लावून घेतलं तर?" मी सरळ विचारलं. मला आडपडदा जमत नाही.

"तर परत येऊ. पण मी दारापर्यंत गेलोच नाही, असं नको."

मी म्हटलं, बरं. आणि मनातून घाबरले, खोटं कशाला सांगू?

मिसळ आणि दिंडोरीचा रस्ता

सकाळी बाळूभाऊ गाडी घेऊन आला. हा पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता, आता स्वतःची गाडी चालवतो. बोलका प्राणी. "साहेब माझ्या गाडीत बसले, आता ही गाडी विकायची नाय," असं म्हणून त्यानं चिनूसाठी पुढची सीट फडक्यानं पुसली. मला मागं टाकलं. मी काही सीमेवर लढले नव्हते.

आधी मिसळ. शहराबाहेर पडताना मळ्यात मांडव घालून बसवलेलं एक ठिकाण आहे. झाडाखाली बाकडी, बाजूला झोके, बैलगाडी सुद्धा उभी करून ठेवलेली. मिसळ खायला लोक सहकुटुंब येतात, जणू देवदर्शनच. आमच्याकडं मिसळ म्हणजे उभ्या उभ्या, नाक पुसत, पावाच्या जाड कापासोबत. इथं ताटच येतं. मटकी वेगळी, रस्सा वेगळा, शेव वेगळी, दही, पापड, वर जिलबी. मी म्हटलं, "हे काय लग्नाचं जेवण आहे?" रस्सा काळा, कांदा-खोबरं भाजून केलेला. तिखट आहे, पण सावकाश चढतं. आमच्या मिसळीचा कट पहिल्या घासाला कानशिलात मारतो, नाशिकचा आधी नमस्कार करतो आणि मग मारतो. मी दोनदा रस्सा मागितला. सांगलीकरांना याहून जास्त कबुली देता येत नाही.

चिनूनं निम्मी मिसळ ठेवली.

दिंडोरीच्या पुढं दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. तुम्ही कधी गेला नसाल तर सांगते, आपल्याकडं तासगावलाही बागा आहेत, त्यामुळं मी नाक मुरडूनच बसले होते. पण इथं एका बागेत घडन् घड कागदात गुंडाळलेला. उन्हानं मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. परदेशी गिऱ्हाईकाला हिरवाच मणी लागतो म्हणे. बायका वेलाखाली उभ्या राहून, मान वर करून, कागद लावत होत्या. बाळूभाऊ म्हणाला, "लय नाजूक काम. माझी बायको दोन वर्ष जायची. रात्री मान खाली व्हायची नाय." गाडी थांबवून त्यानं ओळखीच्या बागेतून एक घड आणला. गोड, पण सालीला जरा आंबट. चिनू एकेक मणी तोडत होता, खात नव्हता, हातात धरून बसला होता. मी त्याच्या हातातून घेऊन खाल्ले. वाया कशाला घालवायचे?

वणीत चहाला थांबलो. तिथं बाळूभाऊ जरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. हातवारे जोरात चालले होते. मला वाटलं, बायकोशी भांडतोय. या फोननं पुढं काय घोळ घातला ते येईलच.

गड

नवस असा की लेकानं गडाच्या पायऱ्या पायी चढायच्या. बोलायला आई, गोळी लागलेला पाय लेकाचा. मी वहिनीला आदल्या दिवशी म्हटलंही, "अगं, नवस बोलताना जरा पाय बघून तरी बोलायचा." ती म्हणाली, "तेव्हा पाय राहतोय की नाही तेच माहीत नव्हतं, ताई. म्हणून पायावरच बोलले."

नांदुरीहून घाट चढून गाडी वर जाते. तिथून पुढं पायऱ्या, नाहीतर डोंगराच्या अंगावरून वर खेचणारी ट्रॉली. मी ट्रॉलीत बसले. देवीला माझी गुडघेदुखी ठाऊक आहे. वर पोचून मी कठड्याशी उभी राहून चिनूची वाट बघत होते. माकडं एवढी की एकानं माझ्या पिशवीतलं केळं काढून, सोलून माझ्यासमोरच खाल्लं, वर दात दाखवले. वॉर्डात इतक्या वर्षांत असा उद्धट पेशंट पाहिला नाही.

चिनू वर आला तेव्हा घामानं भिजला होता, पण चेहरा मोकळा होता. बाळूभाऊ त्याच्यामागं धापा टाकत. "साहेब मधी एकदा बी बसले नाय," त्यानं मला सांगितलं, आणि स्वतः मटकन बसला.

देवीची मूर्ती प्रचंड, शेंदराची, डोंगराच्या कातळातच. अठरा हात, प्रत्येक हातात काहीतरी. डोळे असे टपोरे की लहानपणी पाहिले असते तर रात्री झोप आली नसती. मान मात्र एका बाजूला किंचित कललेली. पुजाऱ्यांनी सांगितलं, समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी बसतात, त्यांचं म्हणणं देवी कान देऊन ऐकते. एवढी हत्यारं घेतलेली बाई, पण उभी आहे ती ऐकत. मला ते फार आवडलं. मी ओटी भरली. चिनू हात जोडून उभा राहिला, बराच वेळ. रांगेतल्या लोकांनी ढकललं तसा पुढं झाला.

"काय मागितलंस?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"काही सुचलंच नाही," तो म्हणाला.

गड आधी आणि सोमनाथचं घर नंतर, हा क्रम मीच लावला होता. दुःखाच्या घरी जाऊन आलं की सरळ आपल्या घरी यायचं, आंघोळ करायची, देवाला शिवायचं नाही. या बाबतीत मी कडक आहे. चिनू हसतो, हसू दे.

बागलाणात

गड उतरून कळवणच्या बाजूला लागलो की द्राक्ष मागं राहतं आणि कांदा सुरू होतो. शेतात ओळीनं बसून कांद्याची रोपं लावणारी माणसं, पाठीवर ऊन. डोंगर इकडचे विचित्र. काही वरून कुणी चावा घेतल्यासारखे, काही सपाट टेबलासारखे. पुढं डाळिंबाच्या बागा लागल्या. बोलीही बदलली. रस्ता विचारला तर एक म्हातारा म्हणाला, "आठेच शे, पुढे चाला." बाळूभाऊनं मला समजावलं, आठे म्हणजे इथं, शे म्हणजे आहे. मला तो शब्द गोड वाटला. आमच्या 'हाय' पेक्षा हळुवार.

गाव जवळ आलं तसा चिनू ताठ बसला. शर्टाची बटणं सारखी करत होता. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि वेशीवर बघते तर काय! ढोल, ताशे, कमान, फ्लेक्स. फ्लेक्सवर हा मोठ्ठा चिनू, बाजूला सोमनाथचा हार घातलेला फोटो. सरपंच, तरुण मंडळ, शाळेतली पोरं दुतर्फा. वणीतला फोन! बाळूभाऊचा साडू इथल्याच शेजारच्या गावचा. याला अभिमान आवरला नव्हता आणि साडूनं सगळा मुलूख उठवला होता.

"अरे देवा, बाळूभाऊ, हे काय करून ठेवलंस?"

"मी फक्त सांगितलं होतं हो, ताई, साहेब येनार म्हनून," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

खरं सांगते, त्याच्यावर रागवावं की त्या पोरांवर, कळेना. कारण त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. चिनूला गाडीतून उतरवलं, फेटा बांधला, शाल, नारळ, आणि कुणीतरी मूठभर गुलाल उधळला. पांढऱ्या शर्टावर, केसांत, कानांत, सगळीकडं गुलाल. हा असा लालेलाल होऊन ज्या घरात वर्षही झालेलं नाही त्या घरी जाणार! गडावरून आणलेली सगळी शांती तिथंच सांडली.

मिरवणूक गावातून निघाली. ढोल असे की छाती हादरत होती. आणि एका गल्लीच्या तोंडाशी सरपंचांनी हात वर केला. ढोल थांबले. ताशेवाल्यांनी काठ्या बगलेत घातल्या. एकदम इतकं शांत झालं की कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती ती ऐकू आली.

"ह्या गल्लीत वाजवत नाय आमी," सरपंच म्हणाले. "वरीस होईपर्यंत. परवा लगनाची वरात बी मुक्यानं गेली."

आमच्या सांगलीत आता कोण एवढं पाळतं? शेजारच्या घरात तिसरा दिवस असतो आणि वरच्या मजल्यावर वाढदिवसाची गाणी चालू असतात. मी सरपंचांना हात जोडले आणि म्हटलं, "आता सगळे इथंच थांबा. आम्ही दोघंच जातो." माझा आवाज वॉर्डातला निघाला असणार, कारण कुणी हललं नाही.

चिनूनं फेटा काढून बाळूभाऊच्या हातात दिला. गुलाल मी पदरानं झटकला, तो आणखी पसरला. तसाच गेला तो.

नानांच्या ओट्यावर

पत्र्याचं साधं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, एका बाजूला ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी. ओट्यावर एक उंच, वाळलेला माणूस नळी चिमटीत धरून तिचं भोक सुईनं साफ करत बसला होता. हेच नाना, सोमनाथचे वडील. ढोल त्यांनी ऐकलेच असणार. मान वर केली नाही.

दार लावलं नव्हतं, एवढंच. मी मनात म्हटलं, चला, अर्धी लढाई.

चिनू अंगणात उभा राहिला. "नाना, मी चिन्मय. सोमनाथच्या..."

नाना नळी साफ करत राहिले. अशा वेळी बोलून पोकळी भरायला जायचं नसतं, एवढं मी आयुष्यात शिकले आहे. मी ओट्याच्या कडेला बसले. चिनू उभाच. शेजारची एक बाई कुडापलीकडून बघत होती.

मग नानांनी पहिल्यांदा वर पाहिलं. चिनूकडं बराच वेळ बघितलं.

"गुलाल डोळ्यात जाईल," ते म्हणाले. "तिकडं हौद हाय. तोंड धू."

चिनू गेला. पाणी तोंडावर मारताना त्याचे खांदे हलत होते. मी तिकडं पाहिलं नाही. नानांनीही नाही.

आतून सोमनाथची आई आली. तिला सगळे माय म्हणतात. हातात पाण्याचा तांब्या. ठेंगणी, डोळे खोल गेलेले, पण पदर नीट. हौदापासून आलेल्या चिनूला तिनं विचारलं, "मना सोमनाथना साहेब शे का तू?"

"हो, माय."

"बस."

तो जमिनीवर बसला. जखमी पाय नीट दुमडत नाही त्याचा, तो पुढं पसरावा लागला. माय त्या पायाकडंच बघत होती.

चिनूनं मग सांगितलं. मला वाटलं होतं आडवळणानं सांगेल. नाही. "नाना, तिथं बाकीचेही होते. मी त्याला हाक मारली. मी नाव घेतलं नसतं तर तो आला नसता."

मायनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"त्याच्याजवळ कोन होतं?" नानांनी विचारलं. "शेवटी?"

"मी होतो. आम्ही एकाच दगडाआड होतो."

"बोलला काय?"

आता इथं एखादा पुढारी असता तर देशाचं नाव घेतलं असतं. चिनू म्हणाला, "मला म्हणाला, साहेब, पाय हलवू नका. दोनदा म्हणाला. मग काही बोलला नाही."

नानांनी नळी खाली ठेवली. "असंच म्हनायचा," ते म्हणाले. "गाईचं वासरू आडलं व्हतं तवा रातभर तिच्यापाशी बसला. हलू नको, हलू नको, म्हनत." आणि मग तो वाळलेला माणूस रडला. आवाज नाही, नुसतं पाणी. माय पण. चिनू पण. मी नर्स असून मीही. लपवायचं काय त्यात?

डोळे पुसून चिनूनं विचारलं, "नाना, तुम्ही फोन का उचलत नव्हतात? मला वाटलं, तुमचा माझ्यावर राग आहे."

"राग व्हता," नाना म्हणाले. "अजून बी हाय. नाय म्हनलं तर खोटं व्हईल. पन फोनवर काय राग धरू? फोन ठेवला का समोर भिंत. तू समोर बसला, आता कसा धरू? तू बी कुनाचा तरी पोरगा हायेसच की."

मायनं जेवायला थांबवलंच. उडीद घातलेली कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वरण. तळण नाही, गोड नाही. त्या घरात तेव्हापासून कढई चढलेली नव्हती. आमच्याकडं दुःखाच्या घरी आपण डबा घेऊन जातो, तिथं जेवत नाही, म्हणून मी जरा अवघडले. माय म्हणाली, "तठे त्यानाजवळ तू व्हता. मी वाढसू, तू जेव." चिनूनं ताटातलं सगळं संपवलं. परत भाकरी मागून घेतली. सकाळपासून निम्म्या मिसळीवरच होता पोरगा.

उन्हं कलली. मी चिनूला खुणावलं आणि उठले. दुःखाच्या घरातून उठायची एक रीत असते, सांगली काय, सटाणा काय, सगळीकडं सारखीच. एरवी आपण कुणाच्याही घरून निघताना 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. पण मयत झालेल्या घरी तेवढं म्हणायचं नाही. नुसतं उठायचं, चपला घालायच्या आणि चालू लागायचं. येतो म्हटलं तर पुन्हा अशाच कारणानं यावं लागतं, असं मानतात. आम्ही दवाखान्यातसुद्धा बरा होऊन निघालेल्या पेशंटला कधी 'परत या' म्हटलं नाही. मी मुकाट चपला घातल्या. चिनू ओट्याच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता. मान खाली. आणि खाली मान घालूनच, सहज, आपल्या गंगापूर रोडच्या घरातून निघावं तसा म्हणाला,

"येतो, नाना. येतो, माय."

कुडापलीकडच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मी दातओठ खाऊन "चिनू!" म्हटलं. त्याच्या लक्षात आलं, आणि पोरगा पांढराफटक पडला. एवढं सगळं निभावून नेलं आणि उठता उठता हे! तो हात जोडून उभा राहिला. "चुकलं, माय. चुकून तोंडातून गेलं."

नाना उठले. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच उठून उभे राहिले. ओटा उतरून त्याच्यासमोर आले.

"कितीक मानसं आली रे ह्या घरी," ते म्हणाले. "मोठे साहेब आले, आमदार आले, गाड्याच्या गाड्या आल्या. सोयरे आले. बसले, रडले, उठले. सगळे मुक्यानं गेले. रीत हाय, त्यांची चूक नाय. पन येतो असं एकानं बी म्हनलं नाय. आनि आला बी नाय कुनी परत."

त्यांनी चिनूच्या खांद्यावरचा राहिलेला गुलाल हातानं झटकला.

"तू म्हनलास ना? मंग आता मोडू नको. ये."

"कव्हय बी ये," माय मागून म्हणाली. "पन ये."

चिनू मान हलवून वाकला आणि दोघांच्या पाया पडला.

मी अंगणाच्या टोकाशी उभी होते. जन्मभर ही रीत पाळली, दुसऱ्यांना दटावून पाळायला लावली. माय माझ्याकडं बघत होती. मी चार पावलं परत गेले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "येते हं, माय."